रिकामा कोनाडा

देवाला चकवणारा माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात एकच, हा गुंडप्पा. म्हंजे चकवायला गेलो खरा. देवच घरी नव्हता.

दिवा जरा इकडं सरकवा, तुमचं तोंड उजेडात बघवत न्हाय. हां, आता ऐका.

उन्हाळ्यात माकणीच्या धरणाचं पाणी हटलं की बुडालेल्या जुन्या वस्तीचं देऊळ उघडं पडतं. मूर्ती कधीच नव्या गावात नेली. कोनाडा तेवढा रिकामा राहिला. भर दुपारी म्या अन् शेजारचा वीरप्पा हरवलेली म्हैस हुडकत तिकडं उतरलो. वीरप्पा मागं पडला. तेवढं पोट घेऊन चालायचं म्हंजे पडणारच. म्हणलं, ह्याला देव दाखवू. कोनाड्यातल्या शेंदराच्या खपल्या थुंकीत कालवल्या, तोंडाला फासल्या अन् आत मांडी घालून बसलो.

पावलं वाजली... पचक, पचक. वीरप्पा नव्हता. चार बायका होत्या. उन्हानं भुई तडकलेली, अन् ह्यांची लुगडी गळत होती. गाळाचा वास नाकात बसला.

"आलास व्हय, देवा?" थोरली हळूच म्हणाली. "लई वाट बघायला लावलीस..."

हसून टाकावं म्हणलं, तर ओठ हलंना. त्यांनी तेल-शेंदूर चढवला. थरावर थर, गार गार. मग कौल लावला. माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली सुपारी ठेवली. उजवी पडली तर देव राहणार, डावी पडली तर जाणार.

म्या सगळा जीव डाव्या खांद्यात गोळा केला. आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं काही मागितलं...

उजवी पडली.

बायकांनी कपाळं टेकली. पुढचं आठवत न्हाय. दिवेलागणीला म्या आपल्याच दारात उभा होतो.

सिद्धम्मा, माझी बायको, लग्नापासून मला शिव्याच घालत आलेली. तिनं दार उघडलं, बघितलं, अन् डोक्यावर पदर घेतला. माझ्या पायावर पाणी घातलं.

"अगं सिद्धे, म्या हाय! सोंग न्हाय ह्ये... एखादी शिवी तरी दे."

तिनं मान वर केली न्हाय.

"वीरप्पा आत्ताच सांगून गेला. आमचे मालक तिकडं कोनाड्यात बसलेत, हाक मारली तर ओ देत न्हाईत. देवा, तुमी इथं जेवायला आलात. त्यांना कधी सोडताय?"