इरावतीवरचा रणगाडा

"आरसा जरा खाली घे, गोरक्ष. अजून खाली. आता हलू नकोस."

बाहेर उन्हात उभ्या असलेल्या गोरक्षने आरसा स्थिर धरला. दाराच्या फटीतून उन्हाचा झोत आत आला आणि पाणी भरलेल्या बल्बमधून भिंतीवरच्या पांढऱ्या धोतरावर पडला. एकोणीसशे एकोणऐंशीचा मे महिना. गंगापूर रोडमागच्या त्या वसाहतीत सुट्टीच्या दुपारी फिल्मच्या तुकड्यांचा सिनेमा चाले. सातवीतली कुंदा मालकीण, तिच्या वर्गातला गोरक्ष आरसेवाला, आणि कुंदाचा धाकटा भाऊ झुंबर तुकडे गोळा करून आणणारा.

झुंबरने आज नवाच तुकडा आणला होता. धोतरावर नदी उमटली. नदीत तराफा, तराफ्यावर अवाढव्य रणगाडा, आणि काठावर गुडघाभर चिखलात दोर ओढणारे जवान.

"यात हिरो कुठाय?" झुंबर हिरमुसला.

"एवढे हायेत, तुला दिसत नाय?" खाटेवर पडलेले कुंदाचे आजोबा, कोंडाजी, उठून बसले होते. "ती इरावती हाय, ब्रह्मदेशातली. मोठ्या लढाईत आमच्या तुकडीने तिच्यावरून रणगाडे उतरवले. पोरी, ते चेहरे जरा मोठे कर बरं."

कुंदाने बल्ब पुढे सरकवला. ऊन एका ठिपक्यात गोळा झालं आणि फस्सकन जाळ उठला. तिने तुकडा खाली टाकून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तरी तो पाण्यातही फुरफुरत जळतच राहिला. मागे उरला पिवळा, घशाला झोंबणारा धूर.

आजोबा नुसतेच धोतराकडे बघत बसले. कुंदाला स्वतःचाच राग आला. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या मनात घोळू लागली. सिनेमाचे तुकडे आधीही तापले होते. ते नुसते आक्रसायचे. ही फिल्म निराळी होती.

"झुंबर, आणलास कुठून हा?"

"भद्रकालीत, फकिराशेठच्या भंगारात. तिथं डबेच्या डबे पडलेत. शेठ कापून विकतो."

तिघं धावतच निघाले. दुकानात शिरल्याबरोबर कुंदा जागीच थबकली. गंजलेल्या गोल डब्यांची चळत भिंतीला टेकून होती आणि हातभर अंतरावर भांडी वितळवायची भट्टी. आता पेटवायची म्हणून फकिराशेठ तिच्यात कोळसा भरत होता.

"शेठ, भट्टी पेटवू नका. हे डबे भडकतील."

"आली मोठी बंबवाली," फकिराशेठ हसला. "माजी सैनिक मंडळाच्या हॉलमधला माल आहे. चिटणीसांनी स्वतः दिलाय. जा, त्यांना विचार."

"तू इथंच थांब. शेठला बोलण्यात गुंतव," ती झुंबरच्या कानात म्हणाली. त्या कामात झुंबरचा हात धरणारा कोणी नव्हता.

मंडळाचे चिटणीस सावळीराम हॉलमध्ये लग्नासाठी खुर्च्या मांडून घेत होते. "गंजके डबे ते. लढाईच्या जुन्या फिती. कोण बघतंय आता? जागा अडत होती."

"काका, त्यात आमचे आजोबा असतील."

"असतील तर घरी बघ ना त्यांना," सावळीराम म्हणाले आणि खुर्च्या मोजू लागले.

परतताना गोरक्ष चिडून म्हणाला, "मोठी माणसं ऐकतच नाहीत."

"ऐकणार नाहीत. पण बघतील तरी," कुंदा म्हणाली.

दुकानात झुंबर फकिराशेठला भट्टी कशी पेटवतात हे तिसऱ्यांदा विचारत होता. कुंदाने कापलेल्या फिल्मचा बोटभर तुकडा उचलला. "शेठ, एवढाच जाळून दाखवते. लांब, रस्त्यावर. पाणी तुम्हीच ओता."

फकिराशेठने हसतच बादली उचलली. कुंदाने काडी लावताच दगडावरचा तुकडा भुसकन पेटला. शेठने पाणी ओतलं. जाळ विझेना. त्याने अर्धी बादली रिती केली, तरी पाण्याखालून धूर येतच राहिला. शेठचं हसू कधीच विझलं होतं. त्याने एकदा डब्यांच्या चळतीकडे बघितलं, एकदा भट्टीकडे, आणि मग माळ्यावरच्या आपल्या बिऱ्हाडाकडे.

"उचला हे," त्याचा आवाज चिरकला. "पोरांनो, पाया पडतो, आत्ताच्या आत्ता उचला."

"नेतो की. तुमची हातगाडी आणि ओली पोती द्या," कुंदा शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

ओल्या पोत्यांखाली झाकलेले डबे वसाहतीबाहेरच्या चिंचेखाली आले. कोंडाजी आजोबांनी पदक लावलं, कुंदाला बरोबर घेतलं आणि देवळालीची बस पकडली. छावणीतल्या मेजरसाहेबांनी सगळं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी माणसं पाठवली. "जुनी फिल्म अशीच असते, बारुदासारखी," ते म्हणाले. "या मुलीनं फिल्म वाचवलीच, एक गल्लीही वाचवली."

दिवाळीच्या सुट्टीत, सुरक्षित फिल्मवर उतरवलेली प्रत मंडळाच्याच हॉलमध्ये दाखवली गेली. सावळीरामांनी तिघांना पहिल्या रांगेत बसवलं. "चूक माझी होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

दिवे मालवले. तोफा धडाडल्या, विमानं घोंगावली, तराफ्यावरून रणगाडा निघाला. पडद्यावरचा इंग्रजी आवाज रणगाड्याचं वजन सांगत होता, तोफेचा पल्ला सांगत होता. दोर ओढणाऱ्यांबद्दल चकार शब्द नव्हता.

कोंडाजी आजोबा उठले. "तो पुढचा सहादू, पेठचा. त्याच्या मागं मी."

मेजरसाहेबांनी खुणेनं आवाज बंद करायला सांगितला. "बोला, कोंडाजी. आता तुम्हीच सांगा."

मग अंधारात आजोबा बोलत राहिले. मागून दुसरा थकलेला आवाज आला, "तो टोपीवाला आमच्या नांदगावचा." कुंदाची मान आपोआप ताठ झाली. रणगाड्याकडे आता कोणी बघतच नव्हतं.

शेवटच्या रांगेतून एका म्हातारीने हळूच विचारलं, "कोंडाजीभाऊ, आमचे मल्हारी हायेत का त्यात?"

त्या यशोदाबाई होत्या. त्यांचा नवरा मल्हारी त्या लढाईतून परतला नव्हता.

आजोबांनी पडद्याच्या कडेकडे बोट केलं. "चित्रात नाय आला तो, वहिनी. पण त्या दोराचं पल्याडचं टोक बघा, जिथं चित्र संपतं. ते मल्हारीच्या हातात होतं. त्यानं सोडलं असतं तर आम्ही सगळे बुडालो असतो."

यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या पाठ ताठ करून बसल्या.

"मग तेवढं पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर पुन्हा नदी आली, आणि दोर ताणला गेला.