नौशादची मूठ

सौदीतल्या राबिघच्या कॅम्पमध्ये शुक्रवार म्हणजे कपडे धुणं आणि घरी फोन. बाबाजी पलंगावर गुडघे चोळत बसला होता. रिफायनरीत पाइप जोडता जोडता गुडघ्यांची पार वाट लागली होती. पण आता तिकीट हातात होतं. बायको पारू, पोरगा पंकज आणि पोटभर झोप, याउपर त्याला काही नको होतं.

"घरी जाऊन काय करशील?" कांदा चिरता चिरता हुसेनमियाँनी विचारलं. ते दापोलीचे, खोलीतले जुने सोबती.

"झोपीन. आन् गदा पुशीन."

त्या गदेची गोष्ट खोलीत सगळ्यांना पाठ होती. सव्वाशे वर्षांपूर्वी बाबाजीचे पणजोबा राणोजी आणि नौशाद पैलवान यांची गदेसाठी कुस्ती लागली. नौशादने मूठभर माती पुढे केली, राणोजीने घेतली. माती घेतली की माघार नाही. मग नौशाद म्हणाला, हजला जाऊन येतो, आल्यावर धरू. तो परतलाच नाही. गदा न लढताच घरात आली.

कॅम्पमागच्या वाळूत पोरं कुस्त्या खेळत. दुपार कलल्यावरची असरची अजान झाली, गर्दी पांगली, बाबाजीही लंगडत निघाला. तेवढ्यात तालमीतल्या मातीचा वास आला. तेल, हळद, ताक.

समोर कान मोडलेला एक माणूस उभा होता.

"राणोजीच्या घरातला ना?"

"व्हय." हुसेनमियाँनी कुणाजवळ तरी गोष्ट सांगितली असणार, असं बाबाजीला वाटलं.

"घे."

मुठीत लाल माती होती. इथे नजर पोचेल तिथवर पांढरी वाळू.

बाबाजीने भ्यायला हवं होतं. त्याला नुसता शीण आला. "माझ्यानं न्हाय व्हायचं, पैलवान. गुडघं गेल्यात. दुसरं कुणी बघा."

"घरात दुसरं कोण?"

"एक पोरगा हाय. कम्प्युटरवर बसतो." बाबाजी हसला.

माणसाने मान डोलावली, मूठ मिटली आणि समुद्राच्या दिशेने निघून गेला.

खोलीत येऊन बाबाजीने घरी फोन लावला.

"पावणं आल्यात," पारू म्हणाली. "तुमची वळख सांगत्यात. कान मोडल्यालं, जुनं पैलवान दिसत्यात."

बाबाजी गुडघे विसरून ताडकन उठला. "पारू, पंकजला सांग, त्यांच्या हातनं काय घिऊ नगंस."

"मूठभर माती दिली. घेतली त्यानं. पावण्याला न्हाय कसं म्हणायचं?"

"त्याला फोन दे!"

"परड्यात गेल्यात दोघं. आन् सोप्यात पांढरी वाळू किती सांडलीया, झाडून सरंना."

फोनमधून शड्डू ऐकू आला.

मग त्याला जबाब देणारा दुसरा.

पंकज जन्मात कधी तालमीत गेला नव्हता.