काढून टाकलेली पेडलं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, तुमची मर्जी. पण उगाच "भास झाला असेल" असं म्हणू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे, आणि भुताच्या गोष्टी ऐकून सगळ्यात आधी खो-खो हसणारा माणूस तोच.

रात्र नव्हती. शनिवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं. जागा म्हणाल तर शहराबाहेरचा सरळसोट हायवे.

पण आधी दादा कसा आहे ते ऐका.

दादाला गाड्यांचं वेड. तेही गिअरच्या. ऑटोमॅटिकला तो गाडीच म्हणत नाही. "ती लिफ्ट आहे. बटण दाबा नि गप उभे राहा." कुणाच्या शेजारी बसला की झालंच... "थर्ड टाक. अरे, इंजिन रडतंय, थर्ड टाक!" स्वतःची चावी मात्र कुणाला द्यायचा नाही. वहिनी म्हणायची, "एक वेळ मला देऊन टाकतील, पण चावी नाही."

तर दादानं एक जुनी गाडी घेतली. आधी ती एका ड्रायव्हिंग स्कूलची होती. अशा गाडीत शिकवणाऱ्यासाठी शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. स्कूलच्या मालकानं ती जादा पेडलं विकण्याआधी काढून टाकली होती. खाली फक्त रबरी बुचं लावलेली भोकं उरली होती. शिकवणाऱ्याचा छोटा आरसा तेवढा काचेवर तसाच होता.

"गिअर बघ कसा पडतो," दादा मला म्हणाला. "लोण्यात सुरी!"

पहिले काही दिवस मजेत गेले.

मग शेजारची सीट पुढे सरकलेली सापडायला लागली.

दादा उंच. तो ती सीट पार मागे ढकलून ठेवायचा. सकाळी बघावं तर... अगदी पुढे. एखाद्या बुटक्या माणसाचे पाय पुरतील इतकी पुढे. छोटा आरसाही वळलेला असायचा.

"माझ्या गाडीत कशाला उचापती करतेस गं?" दादा वहिनीवर डाफरला.

"मी? तुमच्या सोन्याला हात लावायची माझी काय बिशाद!"

त्यातच वहिनीला नोकरी लागली. हायवेच्या पलीकडे एक हॉस्पिटल आहे, तिथल्या लॅबमध्ये. किती वर्षं वाट बघितली होती तिनं! पण तिकडे वेळेवर पोचेल अशी बस नाही. लायसन्स होतं, कपाटात. हात मात्र बसलेला नव्हता. मग दादा शिकवायला बसला, आणि घरात रोज महाभारत.

"क्लच एकदम सोडू नकोस!"

"ओरडू नका, मग नाही सोडणार!"

गाडी बंद पडायची. वहिनी रडकुंडीला यायची.

शेवटी एक दिवस त्यानं छातीवर दगड ठेवून तिला चावी दिली. "जा, कॉलनीत एकटीच दोन चकरा मार." वहिनी परत आली ती हसतच.

"एकदाही बंद पडली नाही! एकटी असले ना, की गाडी कशी शहाण्यासारखी चालते. तुम्ही बसलात की बिघडते."

आम्ही सगळे हसलो. दादाची खूप खेचली.

आज आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या शनिवारी दादा एकटाच हायवेला निघाला. सोमवारी वहिनीला जायचं, म्हणून गाडी एकदा वेगात तपासून घेऊ म्हणाला. रस्ता मोकळा होता. पुढे एक टेम्पो रखडत चालला होता. दादानं फोर्थमध्येच ॲक्सिलरेटर दाबला, गाडी बाहेर काढली...

टक.

टक.

शेजारून आवाज आला. खालून, पाय ठेवतात तिथून.

दादाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. क्लचवर नव्हता, ब्रेकवरही नव्हता.

तरी गाडीनं करकचून ब्रेक मारला.

टायर किंचाळले. मागून ट्रकचा हॉर्न... आणि तो ट्रक आरशाला घासून पुढे गेला. दादा म्हणतो, त्या ट्रकचा वारा कानाला लागला. गाडी घसरत कडेला जाऊन थांबली.

दादानं दोन्ही पाय वर ओढून घेतले होते. लहान पोरासारखे, सीटवर.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

इंजिन चालू होतं.

गाडी चालवणाऱ्याला मी काय सांगू? गिअर फोर्थमध्ये. अशी गाडी नुसत्या ब्रेकनं उभी राहिली तर आचके देऊन बंद पडणार. बंद पडलीच पाहिजे. ही मात्र शांतपणे घुरघुरत होती.

म्हणजे कुणीतरी क्लचही दाबला होता.

त्यानं खाली वाकून बघितलं. त्याच्या बाजूच्या क्लचचं पेडल जमिनीला टेकलेलं होतं. दाबून धरल्यासारखं.

दादानं गिअर काढला, न्यूट्रल केला.

मग... पेडल वर आलं. हळू. अगदी सावकाश. नवशिक्याला दाखवतात तसं.

शेजारची सीट पुढे सरकलेली होती.

दादानं तिथूनच ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला फोन लावला. आधी तो उडवाउडवी करत होता. मग सांगायला लागला.

"आमच्याकडे एक बाई होत्या शिकवायला," तो म्हणाला. "ठेंगण्या. सीट पुढे घेऊन बसायच्या. कधी शिकणाऱ्याला एकटं सोडलं नाही. एकदाच... एकदाच फोन घ्यायला खाली उतरल्या. शिकणारी मुलगी गाडीत होती. मुलीनं गाडी सुरू केली..."

"मग?"

"मुलगी गेली. थोड्या दिवसांनी बाईही गेल्या. हाय खाल्ली त्यांनी."

"आणि गाडी? हीच?"

"पेडलं काढून टाकली ना मी!" तो एकदम ओरडला आणि फोन ठेवून दिला.

दादा घरी आला तो पांढराफटक. काय सांगणार होता तो वहिनीला? "तू उद्या-परवा हायवेला गाडी नेऊ नकोस" एवढंच म्हणाला.

वहिनीचा चेहरा उतरला. "सरळ सांगा ना, चावी द्यायची नाही. इतक्या वर्षांनी नोकरी लागली माझी... तुम्हाला माझ्यापेक्षा गाडी प्यारी."

दादा कधी नव्हे तो रडला. पण खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. कॉलनीत ठीक आहे हो. हायवेला मागून ट्रक येत असताना ती गाडी अशी थांबली तर वहिनीचं काय होईल, हेच त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं.

मग त्याला सुचलं. हे सगळं सीट रिकामी असतानाच होतं! शेजारी कुणी बसलं की काही होत नाही.

सोमवारी तो स्वतः शेजारी बसला. सीट पार मागे घेतली. "मी येतो सोबत. रोज येईन. ऑफिसला मग रिक्षानं जाईन."

वहिनी खूश. गाडी हायवेला लागली.

अर्ध्या वाटेवर वहिनीनं ओढणी सावरायला क्षणभर नजर खाली केली.

पुढचा ट्रक थांबला होता.

दादानं ते पाहिलं. आणि त्याचे पाय... त्याचे स्वतःचे पाय... पुढे गेले. आधी डावा. मग उजवा. समोर काहीच नव्हतं, नुसती पायपुसणी. तरी तळव्यांना काहीतरी लागलं. कडक. ते खाली गेलं.

टक.

टक.

गाडी ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली.

इंजिन चालू.

वहिनीनं सुस्कारा सोडला. शेजारी न बघताच, सवयीनं म्हणाली,

"सॉरी बाई. लक्ष नव्हतं."

दादानं बाईंबद्दल तिला अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

त्यानं नंतर विचारलं, तर तिला आठवेना. "मी असं म्हणाले? काहीतरीच काय!"

गाडी विकायचं नाव काढलं की वहिनी भांडते. तिचा हात आता छान बसलाय. आणि दादा म्हणतो, "विकली तर शेजारी कोण बसणार, ते मला ठाऊक नाही. निदान आता मी आहे."

परवा मी त्यांच्याबरोबर गेले होते, मागे बसून. वहिनी गाडी चालवत होती. दादा शेजारी. "थर्ड टाक" नाही, काही नाही. दादा आता स्टिअरिंगला हातही लावत नाही. सीट एवढी पुढे की त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेले.

मला बघवेना. म्हटलं, "दादा, सीट मागे घे ना जरा."

तो वळला नाही. पायांकडेच बघत राहिला.

"निघताना घेतली होती," तो म्हणाला.