चाळीस सेकंदांचं हसू

सुधन्वा पटवर्धन स्टेजवर कोसळला, तेव्हा समोरची साठ माणसं हसत होती.

रविवार दुपारचा शो होता. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गामागच्या गल्लीतला, तळघरातला छोटासा कॉमेडी क्लब. सुधन्वाला शेंगदाण्याची जीवघेणी अ‍ॅलर्जी होती आणि त्यावरच त्याचा सगळ्यात गाजलेला विनोद होता. लग्नाच्या पंगतीत चुकून दाणा पोटात गेलेला माणूस कसा गुदमरतो, याची तो नक्कल करायचा. म्हणून तो खरोखर गुदमरू लागला, तेव्हा लोकांनी मोबाइल वर धरले. त्याने खिशातून औषधाचं इंजेक्शन-पेन काढून मांडीत दाबलं, तेव्हा शिट्ट्या वाजल्या.

चाळीस सेकंदांनी पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत तो गेलेला होता.

इन्स्पेक्टर क्षिप्रा कानिटकर क्लबमध्ये आल्या, तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. पेन स्टेजवरच पडलं होतं. त्यांनी ते उलटून पाहिलं. सुई नव्हती, औषध नव्हतं. पेन वापर शिकवायला देतात तसलं, सरावाचं होतं.

"खरं पेन कुठे आहे?"

"त्याच्या बॅगेत, तळाशी," हवालदार म्हणाला. "बॅग मागच्या खोलीत होती."

मागच्या खोलीत सुधन्वाशिवाय दोघंच होती. त्याच्या आधी स्टेजवर गेलेला नीरज आणि शोची सूत्रसंचालक कादंबरी. दोघंही दिल्लीतच वाढलेली मराठी मुलं.

नीरजचा खालचा ओठ फाटला होता.

"मारामारी झाली?"

"नाही हो मॅडम. माइक लागला. जोशात तोंडाजवळ ओढला, जाळी दातावर आपटली. रक्त आलं. पब्लिक हसली, बस."

"सुधन्वाशी भांडण होतं?"

नीरजने फाटका ओठ पुसला. "परवाच झालं. माझे जोक ढापायचा, यार. त्याला विश्वासाने काहीही सांगा, पुढच्या आठवड्यात ते स्टेजवर."

"पेन तू बदललंस?"

"काय बोलताय! भांडलो म्हणून जीव घेईन?"

कादंबरी शांत होती. डोळे कोरडे.

"माइकला कुणाकुणाचा हात लागला?"

"नीरजचं झालं, मी त्याच्याकडून घेतला, सुधन्वाचं नाव पुकारलं आणि त्याच्या हातात दिला."

"त्यावरचं हे फोमचं टोपण?"

"ते शो सुरू झाल्यापासून होतं. सगळ्यांची थुंकी उडते ना, मॅडम."

"तो पडला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"बाजूलाच. मला वाटलं, अ‍ॅक्टिंगच करतोय. मीच ओरडले, टाळ्या थांबवू नका म्हणून."

क्षिप्रांनी एका प्रेक्षकाने काढलेला व्हिडिओ पाहिला. सुधन्वा माइक ओठांशी नेतो, हुंगतो. 'ये खुशबू कैसी है?' हशा. दोन मिनिटांनी आवाज घोगरा होतो. आणखी मोठा हशा.

त्यांनी हातमोजे चढवले, फोम उचलून हुंगला आणि पिशवीत सील करायला दिला. मग दोघांना समोर बसवलं.

"फोममध्ये भाजलेल्या दाण्याचं कूट चोळलंय. लॅब सांगेलच, पण हा वास मराठी घरात वाढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. सुधन्वा दर वाक्याला तेच छातीत ओढत होता."

"मी नाही चोळलं ते," नीरज घाबरून म्हणाला.

"माहीत आहे. तुझ्या वेळी फोमच नव्हता. स्पंजवर आपटून कुणाचा ओठ फाटत नाही. उघडी जाळी होती, म्हणून रक्त आलं." क्षिप्रा कादंबरीकडे वळल्या. "नीरजनंतर सुधन्वापर्यंत माइक एकाच माणसाच्या हातात होता. आणि त्याच माणसाने मला सांगितलं, की फोम सुरुवातीपासून होता."

कादंबरीने फोमच्या पिशवीकडे पाहिलं.

"पेनही तूच बदललंस, खरं बॅगेच्या तळाशी सारून. आणि लोक हसायचे थांबू नयेत म्हणून टाळ्या मागितल्यास. का?"

कादंबरी सरळ बसली.

"माझे पप्पा मिनिस्ट्रीत आहेत. बोलताना अडखळतात. लहानपणी शाळेत काय काय सोसलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. मी ते सुधन्वाला सांगितलं, मित्र म्हणून. त्याने त्याचा सेट केला. नावासकट. वीस लाख लोकांनी पाहिला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये साहेबसुद्धा पप्पांची नक्कल करायला लागले. आठ महिने झाले, पप्पा घरात एक शब्द बोललेले नाहीत. चिठ्ठ्या लिहितात." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "त्याला शेवटपर्यंत हसणं ऐकू यायला हवं होतं. बस."

नीरजने तोंड फिरवलं.

संध्याकाळी क्षिप्रा स्वतः आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेल्या. कादंबरीच्या वडिलांनी, ज्ञानोबांनी, दार उघडलं. मुलीने काय केलं ते त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग भिंतीला टेकून खाली बसले.

क्षिप्रा पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. ज्ञानोबांचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठली होती. क्षिप्रांनी घाई केली नाही.

"तो... आ-आला होता," ज्ञानोबा म्हणाले. "सु-सुधन्वा. ग-गेल्या सोमवारी. ऑफिसात."

"कशाला, काका?"

"पा-पाया पडला. रडला. व्हि-व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला. मी... मी म-माफ केलं त्याला."

क्षिप्रांना पुढचा प्रश्न विचारवेना. तरी त्यांनी विचारला.

"कादंबरीला हे सांगितलं होतं?"

ज्ञानोबांनी तोंड उघडलं. शब्द यायला फार वेळ लागला.

"चि-चिठ्ठीत नव्हतं सांगायचं. तों-तोंडाने सांगायचं होतं. रो-रोज वाटायचं, उ-उद्या जमेल."