कोबीच्या काठ्या

त्या सकाळी फावडं घेऊन शेतात उतरतानाच चिनात्सुचं डोकं फिरलेलं होतं. सौरपाट्यांवरचा बर्फ नवऱ्याने, कुनिहिकोने, आदल्या दिवशी झाडला नव्हता. त्यामुळे दिवा नाही, पंप नाही, आणि बर्फ वितळवून चहा करण्यात तासभर गेला होता. होक्काइदोच्या या डोंगरात, विजेच्या शेवटच्या खांबापासून नऊ किलोमीटरवर घर बांधायची हौस नवऱ्याची. राबायचं मात्र दोघांनी.

नोव्हेंबरात तिने कोबीचे तीस गड्डे ओळीने शेतात मांडले होते. मग बर्फाने ते झाकून टाकले. बर्फाखाली कोबी गोठत नाही, उलट गोड होतो, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जागा सापडावी म्हणून प्रत्येक गड्ड्यापाशी बांबूची एक काठी रोवायची, काठीला निळी चिंधी बांधायची. एक गड्डा काढला की त्याची काठी घरी आणायची.

या काठ्यांवरच तिचं सगळं अडलं होतं. एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना लेकीचं, कोहारूचं, शाळेचं वय होणार होतं. कुनिहिकोचं म्हणणं, घरीच शिकवू. चिनात्सुला पोरीला शाळेत घालायचं होतं, तिच्या वयाच्या चार मुलांत बसवायचं होतं. महिनाभर भांडून शेवटी त्याने शब्द दिला होता, "शेवटची काठी निघाली की गावात राहायला जाऊ. तोवर हा विषय काढायचा नाही."

तीस गड्डे, दोन दिवसांना एक. जानेवारीअखेर संपायला हवे होते. आज फेब्रुवारीची वीस तारीख होती आणि शेतात अकरा काठ्या उभ्या होत्या.

कालही अकरा होत्या. परवाही अकराच.

तिने एक गड्डा उकरला. देठ नुकताच कापल्यासारखा ओला होता, बोटाला चिकट पाणी लागलं. तीन महिने बर्फाखाली असलेल्या कोबीचा देठ असा नसतो. तिने काठ्यांभोवती वाकून पाहिलं. कोल्ह्याच्या पावलांची एक ओळ आणि तिचे स्वतःचे बूट, याखेरीज बर्फावर काही उमटलेलं नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो संताप. हे काम नवऱ्याचंच, कसं करतो ते तोच जाणे.

दुपारी जेवताना तिने विषय काढला.

"किती दिवस चालवणार आहेस हे?"

"काय?"

"काठ्या. जायचं नसेल तर तोंडाने सांग ना. माझी अशी थट्टा कशाला?"

कुनिहिकोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. तो तिला बकऱ्यांच्या गोठ्यात घेऊन गेला. कोपऱ्यात गवताखाली कोबीच्या देठांचा ढीग होता आणि त्यामागे काठ्यांची मोळी. बकऱ्या उगाच गुटगुटीत झाल्या नव्हत्या.

"वीस दिवस रोज पहाटे तुझ्याच पावलांत पाय टाकत दोन-दोन काढतोय," तो खाली बघत म्हणाला. "मलाच जायचंय गं. हरलो म्हणायची लाज वाटत होती. म्हटलं, कोबी संपला की आपोआप निघू."

"मग लावतंय कोण?"

"मला वाटलं, तू. माझी जिरवायला."

बकऱ्या चघळत होत्या. चिनात्सुने मोळी मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. तीसच्या वर आकडा केव्हाच गेला होता.

"खड्ड्यात गेल्या काठ्या," ती म्हणाली. "उद्या निघू."

त्याने लगेच मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांत ती दोघं पहिल्यांदाच एका मनाने सामान बांधायला बसली.

सकाळी घसरगाडीवर सामान रचलं, त्यावर कोहारूला बसवलं, बकऱ्या मागे बांधल्या. नवा बर्फ गुडघाभर पडला होता.

शेतात एकही काठी नव्हती.

"झालं तर मग. संपला कोबी," कुनिहिको म्हणाला आणि हसला. हसू त्याला जमलं नाही.

ती दोघं गाडी ओढू लागली. मागे बघायचं नाही, असं चिनात्सुने ठरवलं होतं. गावाकडे उतरणाऱ्या वळणाशी कुनिहिको थांबला.

रस्त्याच्या मधोमध तीन काठ्या उभ्या होत्या, दोन उंच आणि एक बुटकी.

निळ्या चिंध्या. दोन काठ्यांमध्ये दोन हातांचं अंतर, शेतात ठेवतात तेवढंच. आसपास बर्फ सपाट. कोल्ह्याचंही पाऊल नाही.

बकऱ्या पुढे यायला तयार नव्हत्या.

कोहारू गाडीवरून उतरली. कुणी अडवायच्या आत ती तिसऱ्या, बुटक्या काठीपाशी जाऊन उभी राहिली आणि डोक्यावर तळहात आडवा धरून तिने मोजून पाहिलं.

"आई," ती खुशीत म्हणाली, "ही बरोब्बर माझ्याएवढी आहे."