उजव्या कानातली गिटार

गुणगुण अचानक खाली बसली. सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात दचकण्यासारखं काय? तर ऐका. मेटल, म्हणजे ते दणदणीत रॉक, वाजवायचं तर अ‍ॅम्प इतका चढवून ठेवावा लागतो की गिटार नुसती उभी असली तरी स्पीकरमधून गुणगुण येत राहते, बरणीत अडकलेल्या माशीसारखी. तारांवर माणसाचा हात पडला की ती खाली बसते. माणसाचं अंग तो आवाज पिऊन टाकतं, असं दादा म्हणतो. रोजचंच आहे हे, कुणी लक्षही देत नाही. पण त्या दुपारी स्टुडिओत काचेपलीकडच्या खोलीत गिटार स्टँडवर एकटी उभी होती. तारांवर हात ठेवायला तिथं कुणीच नव्हतं.

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. गुणगुण होती, पण दबलेली. आत कुणीतरी तयार होऊन बसलंय आणि माझ्या इशाऱ्याची वाट बघतंय, अशी.

मी तशी भित्रीच. कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकले, चांगल्या मार्कांनी पास झाले, तरी कुकरची शिट्टी झाली की अजून खांदे उडतात. दादाच्या बँडमध्ये मला सगळे भागूबाई म्हणत. हे नाव लंबूनं ठेवलेलं. लंबू म्हणजे दादाचा जिवलग आणि बँडचा दुसरा गिटारवाला. गिटारची तारांखालची चुंबकं अ‍ॅम्प चढवलेला असला की माणसाचा आवाजसुद्धा पकडतात. आमची पहिली भेट झाली त्या दिवशी या पठ्ठ्यानं गिटार तोंडाशी धरली आणि त्या चुंबकांत तोंड घालून म्हणाला, "भागूबाई, चहा आणा." स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा आवाज आला आणि माझ्या हातातला चहा माझ्याच अंगावर सांडला. पुढे कितीतरी दिवस तो हसत होता. हसताना तोंडातली पेपरमिंटची गोळी दातांवर टक्कन वाजायची. गोळीशिवाय त्याला मी कधी पाहिलंच नाही.

बँडचं रेकॉर्डिंग माझ्याकडे, आणि या कामाची एक रीत आहे. तीच गत दोनदा वाजवायची, एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या. दोन हात कितीही सारखे वाजले तरी त्यांच्यात केसभर फरक राहतो, आणि त्या फरकातूनच ती भिंत उभी राहते जी ऐकताना छातीवर येते. आमच्याकडे डावी बाजू दादाची, उजवी लंबूची. एकमेकांना ते हाकाच तशा मारत. "ए डाव्या!" "बोल उजव्या!" आई म्हणायची, मिक्सरमध्ये खिळे टाकल्यासारखं वाजतं तुमचं. आणि मग भांडी घासताना तेच गुणगुणायची.

अल्बमचे ड्रम झाले, बेस झाला, दादाच्या सगळ्या डाव्या बाजू झाल्या. उजव्या बाजूंची वेळ आली आणि लंबू तापाचं निमित्त होऊन गेला. चार दिवसांत, धडधाकट माणूस. त्याच्या आईनं गिटार आमच्याकडे आणून दिली. "घरात कोपऱ्यात बघवत नाही रे," म्हणाली. "वाजवत राहा."

दादानं मग त्याच गिटारवर उजव्या बाजू स्वतः वाजवायला घेतल्या. एकेक करत बाकीची गाणी कशीबशी निभावली. शेवटचं मात्र निभेना. ते दोघांनी मिळून बांधलेलं गाणं होतं. दादा ठोक्यावर अचूक वाजवतो आणि लंबू एक श्वास मागे असायचा. दोन्हीकडे दादाच वाजला की आरशासमोर उभं राहिल्यासारखं व्हायचं, माणूस एकच. दुसऱ्या गिटारवाल्यांना बोलावून पाहिलं, पण दादानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. एकदा वैतागून मला म्हणाला, "माझीच डावी बाजू उचल, जरा मागे सरकव आणि उजवीकडे चिकटव." तसली चोरी पहिल्या कडव्यातच पकडली जाते. मी करून दाखवलं, तर ऐकून त्यानंच कपाळावर हात मारला. "तो असता तर माझी मान मुरगळली असती."

भाड्यानं घेतलेला स्टुडिओ त्या दिवसापुरताच आमच्याकडे उरला होता. पुढे दादा नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाणार होता. सकाळीच त्यानं सांगून टाकलं होतं, "आज नाही जमलं तर सगळं पुसून टाकायचं. अर्धवट अल्बम मला घरात नको." दादा बोलतो ते करतो. तीन वर्षांचं काम त्या मशीनमध्ये होतं. लंबूनं बांधलेल्या चाली होत्या, आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

दुपारपर्यंत त्याचं मनगट सुजलं. "बर्फ आणतो, चहाही आणतो," म्हणून तो वर गेला. आमचा स्टुडिओ तळघरात. भिंतींना गाद्या, खिडकी नावाला नाही, आणि तापलेल्या धुळीचा तो अ‍ॅम्पचा वास. मला फार आवडते ती जागा. जगात कुठेही दचकेन, पण तिथं जड दार लावून बसले की आईच्या पांघरुणात शिरल्यासारखं वाटतं. मी माइक स्पीकरच्या मध्यावरून जरा कडेला सरकवला, म्हणजे आवाजाची कडकड कमी होते. काचेपलीकडच्या खोलीतला दिवा घालवला. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंदच ठेवतो आम्ही, नाहीतर त्याची खरखर गिटारमध्ये उतरते. फोनही बाहेर बोळात ठेवायचे, त्यांचीही टिकटिक उतरते. मग येऊन खुर्चीत बसले, हेडफोन लावले, आणि गुणगुण खाली बसली.

आतल्या माणसाशी बोलायचं बटण माझ्यासमोर होतं. दाबलं.

"दादा, आत आलास का?"

काचेतून अ‍ॅम्पचा लाल दिवा दिसत होता आणि त्याच्या उजेडात गिटारची मान. बाकी काळोख.

वायर ढिली झाली असेल, मी स्वतःला सांगितलं. शिकलेली मुलगी ना मी! उठले, दार ढकलून आत गेले, चाचपडत गिटारपाशी पोचले. वायर घट्ट होती. मग तारांवर हात ठेवला. गुणगुण जशीच्या तशी. हात उचलला. आता ती वर उसळायला हवी होती… तशीच दबलेली राहिली.

आणि तारा कोमट होत्या. सगळीकडे नाही. जिथं वाजवणारा तळहाताची कड टेकवून आवाज दाबतो, तेवढ्याच जागी.

मी कशी बाहेर आले, आठवत नाही. दार मात्र लावलं, एवढं नक्की. येऊन खुर्चीत बसले. पळून वर जावं, दादाला बोलवावं, हे सगळं डोक्यात होतं. पण हाताला एक सवय असते. आतल्या माणसानं तारांवर हात ठेवला, गुणगुण बसली, की रेकॉर्ड दाबायचं. माझं बोट ते झोपेतही करेल. त्यानं ते केलं.

ड्रमच्या काठीचे चार ठोके. डाव्या कानात दादा सुरू झाला, काही महिन्यांपूर्वीचा, अचूक.

आणि उजव्या कानात, एक श्वास मागे…

मी काचेकडे पाहिलं नाही. समोरच्या पडद्यावर उजवी पट्टी भरत चालली होती. आवाजाचे डोंगर उठत होते. माझ्या मानेवर काटा होता, आणि तरीही, खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटत होतं! भिंत उभी राहत होती. डावीकडून दादा ढकलत होता, उजवीकडून तो आळसावून टेकत होता, आणि दोघांच्या मधल्या जागेत मी बसले होते, तालमीच्या खोलीत पायरीवर बसायचे तशी. संथ भागात दादा नेहमी घाई करतो. उजवी बाजू तिथं मुद्दाम रेंगाळली, "थांब रे, पळतोस कुठं" म्हटल्यासारखी. मी हसले. मोठ्यानं. गालांवरून पाणी वाहत होतं ते नंतर कळलं.

शेवटचा सूर विरला. मी बटण दाबलं.

"कोण… कोण आहे आत?"

नुसती ती दबलेली गुणगुण.

मागचं दार उघडलं आणि मी किंचाळले. हातात चहाचे कप आणि बर्फाची पिशवी घेऊन दादा उभा होता.

"अगं हो हो, मीच आहे! कप पडले असते ना." मग त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय? कुणाला बोलावलंस?"

"कुणालाच नाही."

"मग उजवीकडे हे कोण वाजलंय?"

मी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि गाणं पहिल्यापासून लावलं. तो उभाच राहिला. पिशवीतलं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं. संथ भाग आला तसा तो हळूच खाली जमिनीवर बसला.

"माझीच बाजू सरकवलीस ना?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "खरं सांग, भागूबाई. मी रागावणार नाही."

"तूच तपास."

तपासायची युक्ती सोपी असते. दोन्ही बाजू एकावर एक ठेवायच्या आणि एकीची लहर उलटी करायची. नक्कल असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, काहीच ऐकू येत नाही. दादानं स्वतः केलं. शांतता झाली नाही. गाणं वाजतच राहिलं, दोन वेगळ्या हातांचं. आणि अगदी शेवटी, सूर विरल्यावर, बारीकसा एक टक् ऐकू आला. दातांवर गोळी आपटल्यासारखा.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं दादा आता घाबरेल. तो हसायला लागला. डोळे पुसत, नाक ओढत, लहानपणी हसायचा तसा.

"उशिराच येणार गाढव," तो म्हणाला. "तालमीला उशीर, ठोक्याला उशीर. जाताना तेवढी घाई केली."

"दादा… पुसणार नाहीस ना?"

"वेडी आहेस का!"

मग आम्ही चहा प्यायलो. सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण त्या काळोख्या काचेसमोर बसून आम्ही निवांत चहा प्यायलो, आणि कित्येक महिन्यांनी दादाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. गुणगुण अजून दबलेलीच होती. आतला हात तारांवरच होता.

दादानं कप खाली ठेवला. "शेवटच्या वळणावर जरा चुकलंय बघ. माझंच असेल, त्याचं नसेल. विचार त्याला, अजून एक टेक घेतो का?"

"मी? तूच विचार ना."

"तुझं ऐकतो तो."

मी बटण दाबलं. "लंबू…" नुसती गुणगुण. पुन्हा दाबलं. "लंबू, छान झालं. अजून एक घ्यायचा का?"

मग गुणगुण पूर्ण थांबली. माइकमधून गादीवर काहीतरी सरकल्यासारखं आलं. स्टँडवरून गिटार उचलताना होतो तसा लाकडाचा आवाज. ती कुणाच्या तरी तोंडापाशी जायला लागावा तेवढा वेळ. आणि टक्.

"भागूबाई," स्पीकरमधून, पत्र्याच्या डब्यातून आवाज आला, "घेऊ ना. दोघं मिळून घेऊ. डाव्याला आत पाठव… आणि दिवा लावू नकोस."