डोहाकाठचा वाद्यमेळ

तुम्ही मला भित्री म्हणाल. मी आहेच, दार आपटलं तरी दचकते. पण त्या दुपारी भीतीपेक्षा संताप मोठा होता, आणि तो अजून गेलेला नाही.

बी.ए.ची परीक्षा संपल्यावर मी एका चित्रपट कंपनीत महिनाभर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायच्या कामाला लागले. वेल्ह्याच्या अलीकडे नदीच्या डोहावर शूटिंग होतं. तेव्हा वाद्यांचा साज शूटिंगच्या जागेवरच ध्वनिमुद्रित व्हायचा, म्हणून कॅमेऱ्याला दिसू नये असे आम्ही अकरा वादक करवंदीच्या जाळीमागे बसलो होतो. प्रसंग असा, की जलराणीच्या मायेनं भारलेल्या बायका पाण्यात चालत जातात. माया कसली, सगळं काम आमचंच. खर्जातला सेलो अंगावर काटा आणायचा, ढोल पावलं ओढायचा, आणि फिडल चढली की बघणाऱ्याचा श्वास वरच राहायचा.

त्या बायकांत सगळ्यांत पुढे जवळच्या विंझर गावची साळूबाई होती. डायरेक्टर मानसिंगरावांनी तिला एकच सांगितलं, "वाजतंय तोवर चालायचं. थांबलं की थांबायचं."

"आन् गळ्याएवढं पानी आलं तर?"

"त्याआधी थांबेल."

तिची सासू धोंडाबाई माझ्याशेजारी येऊन टेकली. "सिनेमात जायचं म्हनून सकाळधरनं दोनदा येनी घातली तिनं," म्हणाली आणि हसली.

साज सुरू झाला. पाणी साळूबाईच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. फिडल चढली होती, अजून उतरायची होती, तेवढ्यात मानसिंगराव ओरडले, "कट. फिल्म संपली." आम्ही हात उचलले. बाकीच्या बायका थांबल्या.

साळूबाई थांबली नाही.

शेवाळाचा ओला वास आला. पाखरं गप्प झाली. एकाही तारेला हात नव्हता, तरी ती त्याच लयीत पावलं टाकत होती...

"काम अंगात शिरलंय बाईच्या," मानसिंगराव हसले.

पाणी खांद्याला लागलं. दोन माणसं धावली, पण साळूबाई लांब गेली होती. धोंडाबाईनं माझं मनगट धरलं.

"ताई, वाजवा. ढोलावर अंगात वारं आलेल्याला मधीच सोडत न्हाईत. उतरवून आनत्यात."

"सांगितल्याशिवाय कुणी वाजवायचं नाही," मानसिंगराव म्हणाले.

मी वाजवलं. स्वर फाटत होते, पण राहिलेली ओळ एकेक सूर उतरवत षड्जावर आणली. हनुवटीपर्यंत पाण्यात साळूबाई थांबली. माणसांनी तिला ओढून काठावर आणलं.

आणि मानसिंगराव काय म्हणाले? "केस पुसा तिचे. नवी फिल्म घातलीय. पुन्हा घेऊ."

"तुम्हाला लाज वाटत नाही?" वडीलधाऱ्या माणसाला असं मी पहिल्यांदाच बोलले. "ती बुडत होती."

"बुडाली नाही ना? मग."

मी फिडल पेटीत ठेवून कडी लावली. बाकीच्या दहांपैकी एकानंही वाद्य खाली ठेवलं नाही. माना तेवढ्या खाली घातल्या.

साळूबाई घोंगडीत कुडकुडत होती. धोंडाबाईनं तिचे दोन्ही पाय मांडीत घट्ट धरले. "न्हाई जायाची ती."

"आम्ही थांबलो होतो," मी हळूच विचारलं. "मग तुम्ही का..."

"तुमी थांबला. मागनं उतरलाबी," साळूबाई म्हणाली. "ती न्हाई उतरली. अजून वाजवतीया."

"कोण ती?"

ती डोहाकडे बघत राहिली. मानसिंगरावांनी इशाऱ्यासाठी हात वर केला. तो खाली यायच्या आधीच सासूच्या मुठीत साळूबाईच्या पायाचा अंगठा ठेका धरू लागला. त्याच ठेक्यावर डोहाच्या मधोमध एक वलय उठलं. मग दुसरं, जरा अलीकडे... मग तिसरं.